कॉम्प्युटर बघण्याचा कार्यक्रम

लग्न जमलं की लोक फोटो परत न्यायला येत नाहीत. आमच्या वधूवर मंडळाच्या कपाटात असे कितीतरी फोटो साठलेत. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. किस्स्यांचंही तेच. कोणी मागत नाही, पण साठत जातात. गेल्या दोन महिन्यांत तर इतके साठले की आता कोणाला तरी सांगून मोकळं व्हावं म्हणते. थकले हो!

मुलुंड पूर्वेला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं मंडळ आहे. अध्यक्ष नेनेकाका, बँकेतून रिटायर झालेले. कार्यवाह सावंतकाकू, मूळच्या मालवणच्या. आणि रोज ऑफिस उघडणारी मी, सुषमा. अठरा वर्षं एकाच कॉम्प्युटरवर बायोडाटे टाइप करतेय. तो चालू होईपर्यंत माझा केर काढून, पाणी भरून, उदबत्ती लावून होते. एक दिवस केर झाला, पाणी झालं, उदबत्ती विझलीसुद्धा, तरी स्क्रीन काळाच!

रिपेअरवाल्याने कसाबसा चालू करून दिला आणि जाताना म्हणाला, "मावशी, आता याला जास्त त्रास देऊ नका."

काका मात्र खूश झाले. "नवा घेऊ! नव्यावर नुसतं बोललं की आपोआप टाइप होतं म्हणे. टायपिंगची कटकटच संपली!"

मी त्यांच्या कपात चहा ओतत होते. बारावीनंतर मी शिकले नाही. मराठी टायपिंग तेवढं येतं, तेही याच मशीनवर. ती कटकट म्हणजे मीच की! पण काकांच्या मनातही नव्हतं तसं काही. मी चहा दिला आणि पुढचा बायोडाटा टाइप करायला घेतला.

*

कोणता घ्यायचा, हे ठरवायला काकांनी मंडळाचाच फॉर्म काढला. प्रत्येक कंपनीसाठी एकेक. नाव, उंची, वजन, रंग, मूळ गाव, सगळे रकाने भरायचे. मी घाटकोपरच्या एका दुकानात फोन करून विचारत होते आणि लिहीत होते. दुकानदार जिग्नेशभाई भला माणूस. पहिल्याच दिवशी त्याने मला वजनंसुद्धा सांगितली.

पाच फॉर्म भरून काकांपुढे ठेवले. पाचही कंपन्या एकमेकींपेक्षा भारी! कोणाचा स्पीड जास्त, कोणाची बॅटरी जास्त. सावंतकाकूंनी चष्मा लावून नेमका 'मूळ गाव' हा रकाना वाचला. पाचही ठिकाणी 'चीन'.

"मगे भांडतत कित्याक?" काकू म्हणाल्या. "सगळे एकाच गावचे!"

*

आमच्या मंडळात नाव नोंदवलं की दोन ओळखीच्या घरी चौकशी होते. काका म्हणाले, कॉम्प्युटरची पण करायची. मी नाहूरला एका घरी फोन लावला. त्यांच्याकडे यादीतल्या पहिल्या कंपनीचा होता.

सासूबाईंनी उचलला. "अगं झकास आहे! वर्ष झालं, एक तक्रार नाही."

दुसरी चौकशी म्हणून त्यांच्याच सुनेला मोबाइलवर विचारलं. "वाट लागलीय ताई! रोज अडकतो. अजिबात घेऊ नका."

मी काकांना दोन्ही सांगितलं. काकांनी चष्मा पुसला. मग वहीत लिहिलं, 'कॉम्प्युटरबद्दल मतभेद. घर चांगलं. धाकट्या मुलासाठी विचारावे.'

*

कंपनी ठरत नव्हती तेवढ्यात कॉम्प्युटर कोणत्या सिस्टीमवर चालवायचा, हे सुरू झालं. एक सिस्टीम सगळ्यांकडे असते ती. एक महागातली, तिचं सगळंच वेगळं. आणि तिसरी फुकट! मुलीचं नाव नोंदवायला आलेले कांजूरमार्गचे एक इंजिनिअर तासभर त्या तिसरीचं कौतुक करत होते. "काका, एक पैसा नाही. व्हायरस नाही. काही अटी नाहीत!"

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्यांना दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन मला म्हणाले, "सुषमा, ती काट."

"का हो? चांगली वाटली की."

"'आम्हाला काही नको' म्हणणाऱ्यांची चौकशी दुप्पट करायची, हा आपला नियम आहे ना? एकेरी करतानाच माझे गुडघे गेलेत!"

*

शेवटी घाटकोपरला प्रत्यक्ष बघायला गेलो. एकदा नाही, चारदा. मुलुंडहून तिघं रिक्षात दाटीवाटीने. काकूंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास. दुसऱ्यांचा चहा आधी घ्यायचा नाही, मग नकार देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एक कॉम्प्युटर जरा स्वस्तात होता. जिग्नेशभाई म्हणाला, "डिस्प्लेवर होता, म्हणून."

"म्हणजे चार लोकांनी बघून नाकारलेला?" काकूंनी विचारलं.

"नाकारला कुठे, काकी? नुसता बघितला. त्याच्यात काही दोष नाही. अजून त्याचा योग आला नाही, बस!"

हेच वाक्य, याच शब्दांत, काकू रोज चार आयांना फोनवर सांगतात. त्यांनी थर्मास उघडला आणि पहिला कप जिग्नेशभाईला दिला.

*

मग त्या बोलून टाइप होण्याची ट्रायल झाली. काकांनी खिशातून एक खराखुरा बायोडाटा काढला आणि माइकसमोर उभे राहून, सभेत बोलतात तसे सुरू झाले. "मुलगी बोरिवली! वय सदतीस! पहिला विवाह आठ महिन्यांत संपुष्टात!"

शब्द भराभर उमटत होते. चूक नाही. मी बघत राहिले. माझी अठरा वर्षं तिथे अशी धावत होती.

"पगार चांगला! स्वभाव किंचित तापट!"

काका थांबले. दुकानातले सगळे वळून बघत होते. मागे हेडफोन बघणाऱ्या एक बाई पुढे आल्या. "तापट म्हणजे किती हो? आमचा भाचा आहे चाळीसचा. गरीब आहे बिचारा."

काकांनी तो कागद घाईघाईने खिशात कोंबला. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "ऑफिसात खिडक्या बंद करून बोलता येईल."

"मे महिन्यात?" काकू म्हणाल्या.

*

चौथ्या वेळी काकांचं नक्की झालं. तोच तो डिस्प्लेवरचा. आता होकार कळवायचा म्हणून ते उठले, तर काकूंनी त्यांची बाही धरली आणि माझ्याकडे बोट केलं.

"काका, हिका इचारलास?"

आमच्या मंडळाची एक जुनी रीत आहे. सगळ्यांची पसंती झाली तरी मुलगी स्वतः हो म्हणेपर्यंत होकार जात नाही. आणि तिला एकटीला, दहा मिनिटं, शांतपणे बोलू द्यायचं. कोणी मध्ये बसायचं नाही. कितीतरी घरांत मी स्वतः दार लोटून बाहेर उभी राहिलेय.

काका लगेच बाहेर गेले. काकू गेल्या. जिग्नेशभाई गल्ल्यावरच उभा होता, त्याला काकूंनी हाक मारली, "तू पण चल रे भायर!"

बिचारा स्वतःच्याच दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

मी स्टुलावर बसले. समोर तो चकचकीत स्क्रीन. बोटं जुन्या सवयीने गेली, मंडळाचं नाव लिहायला. भलतंच काहीतरी उमटलं; इथे अक्षरांच्या जागाच वेगळ्या. पुसलं. परत लिहिलं. परत भलतंच. तिसऱ्यांदा लिहिलंच नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. काचेतून तिघं दिसत होते, पाठ करून उभे, रीतीप्रमाणे.

दहा मिनिटांनी काका आत आले. मुलींना विचारतात तशाच हळू आवाजात म्हणाले, "काय गं सुषमा? पसंत आहे ना?"

"मला आहे हो काका," मी म्हटलं. "त्याला मी पसंत आहे का, तेवढं विचारून घ्या."

काकांनी स्क्रीनवर उमटलेलं ते भलतंसलतं वाचायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघितलं. जिग्नेशभाई पुढे झाला आणि समजुतीने म्हणाला, "होते सवय, मॅडम. सुरुवातीला थोडं जुळवून घ्यावं लागतं."

"कोणी जुळवन घेवचा?" सावंतकाकूंनी पिशवी काउंटरवर आपटली. "अरे, तो येता हा आमच्या घराक! घरजावय तो! जुळवन तेणां घेवक होया, आमच्या बायेन नाय!"