वाघ्यानंतरची भाकरी

आमचा कुत्रा वाघ्या गेल्यापासून सासूबाई ताट तसंच सरकवून उठायच्या. आज त्या जेवायला बसल्यावर मी त्यांना पुस्तक वाचून दाखवलं. एका बाईंनी ते स्वतः छापून जत्रेत विकायला ठेवलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून ओळीखाली बोट धरून हळू आवाजात वाचत होते. त्यात लिहिलं होतं, त्या बाईंच्या घरी त्यांचा कुत्रा गेल्यावरही शेवटची भाकरी त्याच्या नावाने थापत.

"आपल्यासारखीच येडी माणसं!" म्हणत सासूबाई हसल्या आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. मी बघतच राहिले.

"थांबलीस का गं? वाच की पुढं!"

कुठली ती बाई! तिने आपलं दुःख लिहिलं आणि इथे आमच्या म्हातारीच्या पोटात घास गेला. मग मी शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचू लागले.