मातीखालच्यांची दुसरी आवृत्ती

महांतेशला कळायला लागलं तेव्हापासून त्याची आई रत्नम्मा दुपारी मध्येच "आले गं" म्हणून ओ द्यायची. घरात कुणी हाक मारलेली नसायची. ज्वारी निवडता निवडता ती सूप खाली ठेवायची, दारापर्यंत जायची, थोडी थबकायची आणि परत येऊन सूप उचलायची. किल्लारीच्या भूकंपात आपलं माळवदाचं घर बसलं, त्यात वडील आणि थोरली बहीण अक्षरा गेली, एवढं त्याला ठाऊक होतं. तो तेव्हा पाळण्यात होता. पाळण्यावर तुळई आडवी पडली म्हणून वाचला. याहून जास्त आई कधी बोलली नाही, त्यानंही विचारलं नाही. लहानपणी मात्र तिची ती ओ ऐकली की तो शेजारच्या घरी पळायचा.

मोठा होऊन तो लातुरात फ्लेक्सच्या दुकानात चित्रं करू लागला. कॉलेजात असताना त्यानं मित्रांसोबत एक खेळ रचला होता. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी कुणी योद्धा, कुणी वैदू होऊन त्या गोष्टीत शिरायचं आणि फाशांवर जगायचं-मरायचं. पुढं त्या खेळाचं पुस्तकही निघालं. त्यात त्यानं तऱ्हेतऱ्हेचे वंश कल्पिले होते. त्यातले सगळ्यात गाजले ते मातीखालचे. हे पडलेल्या गावांच्या ढिगाऱ्यांत राहतात, नावानं हाक मारून माणसाला खाली ओढतात, जन्मतःच दुष्ट. दिसला की मारायचा.

यंदा पुण्याच्या प्रकाशक रूपालीनं त्या खेळाची नवी आवृत्ती छापायला घेतली. तिचा फोन आला.

"महांतेश, अख्खा वंशच जन्मतः दुष्ट, हे आता नको. बाकीचे तू छान बदललेस. मातीखालच्यांचं काय? ते हाक का मारतात, ते लिही ना."

"लिहितो," तो म्हणाला. पण लिहायला बसला की हात थांबायचा. पंख्याच्या आवाजाखाली दुसराच एक आवाज आहे असं वाटायचं. पंखा बंद केला की तोही बंद.

शेवटी त्यानं ठरवलं, खेळूनच बघावं. एका रविवारी दुपारी दुकानातली सृष्टी आणि दोघं मित्र घरी जमले. सृष्टी तलवारबाज झाली होती. महांतेश सूत्रधार.

"ढिगाऱ्याखालून आवाज येतोय," तो म्हणाला. "तुझं नाव घेऊन."

"मी तलवार काढते." सृष्टीनं फासे उचलले.

चहा घेऊन आलेली रत्नम्मा तिथंच उभी राहिली. "कोण हाक मारायलंय?"

"खेळातलं आहे अव्वा," महांतेश म्हणाला.

"मग मारतीस कशाला गं? काय पायजे ते आधी इचार की."

सृष्टी हसली. मग तिनं रत्नम्माच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू आवरलं. "काय पाहिजे तुला?" तिनं हळूच ढिगाऱ्याला विचारलं.

उत्तर सूत्रधारानं द्यायचं असतं.

"पानी," रत्नम्मा म्हणाली. "पानी मागायली होती."

त्या दिवशी खेळ तिथंच थांबला. मंडळी गेल्यावर रत्नम्मा खुर्चीवर बसली, त्या टेबलाशी ती पहिल्यांदाच बसत होती.

"अक्षराचा आवाज येत होता. अव्वा, पानी. गडीमानसं आली, कान लावला, म्हनली काईच न्हाई. बाजूच्या घरात कुनी कन्हत होतं, तिकडं गेली. मी एकटीच दगड काढू लागले. काढायच्या नादात तिला ओ द्यायचं राहूनच गेलं बघ. मग आवाज बंद झाला. तिला वाटलं असंल, अव्वा हितं न्हाईच."

रत्नम्मानं टेबलावरचे फासे एका बाजूला सारले.

"पुढं मिलिटरीवाल्यांनी काढली तिला. आपल्या लिंगायतांत मेलेल्याला मातीत बसवतेत, जाळत न्हाईत. तिला सगळ्यांसंगं जाळलं."

"मग ती मातीखाली नाही, अव्वा."

"न्हाई."

"मग तू ओ कुणाला देतेस?"

"तिलाच की," ती म्हणाली, आणि चहाचे कप गोळा करू लागली. मोरीपाशी जाऊन मागं न वळता म्हणाली, "तुला ती तम्मा म्हनायची, धाकटा भाऊ म्हनून. पाळना तीच हालवायची."

महांतेशनं जुनं पान फाडलं. नवं लिहिलं: मातीखालचे नावानं हाक मारतात, कारण वर कुणी उरलंय की नाही हे त्यांना माहीत नसतं. त्यांच्यावर कुठलंच हत्यार चालत नाही. फक्त ओ द्यायची.

चित्र राहिलं होतं. आधीच्या आवृत्तीत त्यानं नखं आणि चिखलानं भरलेलं तोंड काढलं होतं. अक्षराचा एकही फोटो उरला नव्हता. रत्नम्मा सांगत गेली, तो काढत गेला. कपाळ मोठं. पुढचा दात पडलेला. नाक असं न्हाई रे, बसकं. बऱ्याच वेळानं तिनं कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला. मग नीट घडी करून पदराखाली घेतला.

"हे पुस्तकात द्यायचं न्हाई," ती म्हणाली.

त्यानं दुसरं चित्र काढून बघितलं, पण प्रत्येक वेळी तेच कपाळ यायचं. रूपाली आधी चिडली, मग तिनं सगळं ऐकून घेतलं.

पुस्तक निघालं. खेळणारे सांगू लागले, की मातीखालच्यांपाशी आलं की गोष्ट पुढंच जात नाही. माणसं तलवारी ठेवतात आणि दगड उचलत बसतात. बाकी प्रत्येक वंशाचं चित्र आहे, त्यांच्या पानावर नुसती चौकट. इथं छापायचं राहिलं का, असं लोक रूपालीला विचारतात. ती नाही म्हणते.