उसणीची लाथ

मी आठवीत होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावात तात्यांनी माझ्या उजव्या कुशीत लाथ मारली. पायात चप्पल घालून. ती लाथ औषध म्हणून होती.

कूस त्याच्या आधीपासून दुखायची. बरगडीच्या खाली, अचानक. श्वास घेतला की आत खुपायचं. काही वेळाने आपोआप थांबायचं. पुन्हा कधी येईल, सांगता यायचं नाही. आई म्हणाली, उसण भरली. उसणीवर गावात एकच उपाय. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्या पायाळू माणसाने दुखऱ्या जागी लाथ मारायची. गावात पायाळू एकच, तात्या. आई त्यांच्याच घरी शेण काढायची, अंगण झाडायची.

मोठ्या घरातलं कुणी आलं की तात्या ओसरीवर सतरंजी टाकायला लावायचे. चप्पल काढायचे. टाच नुसती टेकवायचे. मग चहा. आमची वस्ती गावाबाहेरची. मला अंगणात वाकायला सांगितलं. तात्या अनवाणी होते. आईला म्हणाले, "सुंदरा, चप्पल दे बरं माझी. हिला काय तसाच पाय लावू?"

आईने चप्पल आणून त्यांच्या पायापुढे ठेवली.

मी तोंडावर पडले. ओसरीवरचा एकजण म्हणाला, "तात्या, उसण गेली का पोरगी गेली?" माणसं हसली. आईही हसली. मग मला म्हणाली, "पाया पड त्यांच्या."

"लांबूनच पड," तात्या म्हणाले.

दुखणं थांबलं. ते थांबणारच होतं. आईच्या लेखी गुण आला. त्यानंतर दुखलं की आम्ही त्या अंगणात जायचो.

बारावीला मी लातूरला वसतिगृहात होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि कूस धरली. आईने नेलं. माझ्या आधी शेजारच्या मळ्यातल्या काकू होत्या. तात्यांनी चप्पल काढली, टाच टेकवली. माझी पाळी आली. तात्यांनी आईकडे पाहिलं. आई चप्पल उचलायला वाकली.

मी म्हणाले, "तात्या, काकूची उसण आन् माझी उसण येगळी हाय का?"

"म्हंजी?"

"मला चप्पल घालून का मारता?"

कुणी हसलं नाही. तात्या आईला म्हणाले, "लई शिकवलंस गं सुंदरा. आता कालेजच बरं करंल हिला."

"चुकलं तात्या. लेकरू हाय."

"मी वाकणार न्हाई," मी म्हणाले, आणि घरी आले.

आई बऱ्याच वेळाने आली. तिच्या पदराला, गुडघ्यांवर माती होती. मी विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या जागी मीच वाकले. तुझं नाव घेऊन."

थोड्या वेळाने माझं दुखणं थांबलं. आईने माझ्या कुशीवरून हात फिरवला. "बघ," म्हणाली. तिला बरं वाटलं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

लातूरला सोनोग्राफी झाली. रक्त तपासलं, लघवी तपासली. पुढे नांदेडला नोकरी लागली, तिथेही दाखवलं. कारण सापडलं नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. दुखणं अजून येतं. जातं. आई फोनवर विचारायची तेव्हा मी नाही म्हणायचे. हो म्हटलं तर ती जाऊन वाकली असती.

गेल्या आठवड्यात ऑफिसात कूस धरली. तेवढ्यात आईचा फोन आला.

"आवाज असा का गं? दुखायलंय का?"

"हाव. दुखायलंय. पण तू तिथं जायचं न्हाई. माझ्या नावानं वाकायचं न्हाई. कुणाच्याच नावानं न्हाई."



"मग तुझं कसं व्हायचं, बाई?"

"दुखंल. मी सोसंन. मी वाकणार न्हाई, आन् तुलाबी वाकू देणार न्हाई."

तिने फोन ठेवला.

दुपारी दुखणं थांबलं. मी आईला फोन करून विचारलं. ती गेली नव्हती.