घाटावरच्या ताकवाल्या बाई

पर्वणीच्या गर्दीत मी गोदाघाटावर डॉक्टरांच्या तंबूत मदतीला होतो. समोर ताक विकणाऱ्या बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला "बाळा" म्हणत, अगदी म्हाताऱ्या साधूलाही. मग जुलाब-उलट्यांनी गळून गेलेले यात्रेकरू तंबूत येऊ लागले. एका दुपारी बाईंनी भरलेला माठ गटारात ओतला आणि आत येऊन एका आजारी आजींना साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजायला बसल्या.

"ताकानं झालं का हे?" मी विचारलं.

"नाय ठाऊक, बाळा. लोक नदीचं पाणीबी पितात. पण ह्या माझ्याकडं ताक प्यायल्या व्हत्या."

"मी रोज पितो. मला कुठे काय झालं?"

त्यांनी पुढचा चमचा आजींच्या तोंडाशी नेला. संध्याकाळी आजी उठून बसल्या. बाईंनी मात्र पुन्हा दुकान मांडलं नाही. त्यांचं बरोबर होतं की नाही, मला अजून कळत नाही.