शेल्याचा निळा रंग

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पहाटे देवापुढे बसतो तेव्हाही हा विषय मनात आला की स्तोत्राचा आवाज थोडा चढवतो — कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून? आज मात्र सांगणार आहे. तुम्ही माझ्या ओसरीवर बसला आहात असे समजतो.

मी साकोलीच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. आता एकोडीत असतो. निवृत्तीनंतर माझी नात मृणाल हिने मला संगणकावर चित्रे रंगवायला शिकवले. आरंभी मी रंग डोळ्यांच्या अंदाजाने भरीत असे. "आबाजी, गणपतीले कावीळ झाली ना!" म्हणून ती खळखळून हसली होती. "अंदाजानं कायले भरून राहिले? हा ड्रॉपर घ्या, फोटोतलाच रंग उचला." मग तिने तीन पट्ट्या दाखवल्या. पहिली सरकवली की रंगच पालटतो, दुसरीने तो भडक किंवा फिका होतो, तिसरीने उजळतो वा काळवंडतो. रंगांचे चक्रही तिने समजावले : समोरासमोरचे दोन रंग शेजारी ठेवले की दोन्ही खुलतात, निळ्यासमोर नारिंगी येतो. हे ध्यानात असू द्या — पुढे मी जे केले, ते हे सारे ठाऊक असताना केले.

हळूहळू गावातले फलक माझ्याकडे येऊ लागले. सप्ताहाचे, लग्नांचे, श्रद्धांजलीचे. मला त्याचा अभिमान वाटे. आज तो सांगतानाही लाज वाटते.

रामटेके गुरुजी माझ्याच शाळेत गणित शिकवीत. गावातला तलाव गाळाने भरला तेव्हा धानाच्या शेतकऱ्यांना एकत्र करून त्यांनी तो मोकळा करवला. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहून स्वतः घमेली उचलली. माझा असा मित्र दुसरा नाही. कोणत्याही समारंभाला त्यांच्या खांद्यावर निळा शेला असे. एकदा देवळाच्या मंडपात ते आले आणि माझी नजर त्या शेल्यावर क्षणभर — क्षणभरच — अडली. त्यांनी ती पकडली. "पंडितजी, तुमच्या महादेवाच्या गळ्यातला निळा चालते, अन् माह्या खांद्यावरचा काहून खटकते जी?" असे म्हणून ते मोठ्याने हसले. मीही हसलो. "छे, छे" म्हणालो. उत्तर दिले नाही. आज वाटते, त्यांना उत्तर त्याच वेळी मिळाले होते.

गुरुजी गेले. तलावाच्या पाळीवर शोकसभा ठरली. मोठा फलक आणि घरच्यांना द्यायची तसबीर, दोन्ही माझ्याकडे आली. गुरुजींच्या पत्नी शेवंतावहिनींनी फोटो पाठवला : पाळीवर उभे गुरुजी, पांढरा सदरा, खांद्यावर तो शेला. मी पार्श्वभूमी केशरी घेतली. आणि मग — कोणी सांगितले नव्हते, कोणी सुचवलेही नव्हते — मी शेल्याभोवती रेघ ओढून तेवढाच भाग निवडला आणि पहिली पट्टी सरकवू लागलो. निळा जांभळा झाला. जांभळा तांबडा झाला. भगव्यावर येऊन माझा हात थांबला.

मनाला सांगितले, रंगसंगती जुळली. खोटे होते ते. केशरीवर निळाच खुलला असता. मृणालने तेच तर शिकवले होते. मला माझा मित्र हवा होता, त्याचा शेला नको होता. गुरुजींना मी माझ्या रंगात बसवून घेतले, ते बोलू शकत नव्हते तेव्हा. एक पाऊल मागे येण्याची कळ बोटाखालीच होती. मी जतन करण्याची दाबली.

सभेच्या दिवशी वहिनी फलकापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "पंडितजी, ह्यांचा शेला तर निळा होता जी. हा असा काहून दिसून राहिला?"

आणि मी — ज्याने आयुष्यभर मुलांना सत्याची वचने घोकायला लावली — म्हणालो, "वहिनी, पडद्यावरचा रंग कागदावर तसाच उतरत नाही. निळा तर छपाईत हमखास बिघडतो."

यातले अर्धे खरे आहे. गडद निळा छापताना मळकट होतो, जांभळ्याकडेही झुकतो. भगवा कधीच होत नाही. त्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "मशीनले काय समजते जी."

मृणाल माझ्या मागेच उभी होती. तिला सारे समजले.  त्या दिवसापासून माझ्या रंगांची थट्टा करणे तिने सोडले. साकोलीच्या छापखान्याला मात्र गावाने नावे ठेवली — निळा रंग बिघडवणारा म्हणून. तेही मी ऐकून घेतले.

परवा वहिनींकडे गेलो होतो. बुद्धाच्या मूर्तीशेजारी ती तसबीर आहे. तिच्यावर त्यांनी गुरुजींचा खरा शेला घातला आहे. असा की छापलेला खांदा पूर्ण झाकला जावा. धुऊन विटलेला, काठाला उसवलेला, पण निळा. मी पाहतो आहे हे पाहून त्या म्हणाल्या, "छपाईचं झाकून टाकलं जी. नातवंडं इचारत होती, आजोबाचा शेला कोणता खरा."

त्यांच्या हातचा चहा प्यायलो.  आणि पुन्हा गप्प घरी आलो.

आता गप्प राहणार नाही. मूळ फोटो माझ्याजवळ आहे. त्यातल्या शेल्याला एकाही पट्टीचा स्पर्श होऊ न देता नवी तसबीर करवली आहे. छापखान्याच्या मालकाला काल सांगून आलो की दोष त्याचा नव्हता, माझा होता.  उद्या सकाळी वहिनींकडे जाईन. तसबीर हाती देण्याआधी, त्यांच्या मुलासुनांसमोर, नातवंडांसमोर, उभ्यानेच सांगेन : रंग छपाईत बिघडला नाही, तो मी बदलला, जाणून बदलला आणि तुमच्या तोंडावर खोटे बोललो. हेच शब्द. यांत मी एकही सौम्य करणार नाही.

नवी तसबीर भिंतीवर लावायची की नाही, जुनीवरचा शेला काढायचा की नाही, हे त्या ठरवतील. मी दाराबाहेर येईन.