साडेतीन इंच आणि काकूचा ट्रेलर

हे जेवताना वाचू नका. खरंच सांगतेय. ते सगळं झाल्यावर मला दोन दिवस वरण बघवत नव्हतं. बिचारं पिवळं वरण! पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही, कारण त्यात चूक माझी होती आणि ती चूक होती फक्त साडेतीन इंचांची.

आमचा मंडपाचा धंदा आहे. म्हणजे मोठ्या काकांचा. केळीची वाडी आहे निर्मळ गावाच्या बाजूला, पण घर चालतं मंडपावर. आमच्याकडे हॉल कितीही झाले तरी लग्न वाडीत लागलं पाहिजे, असं म्हणणारी बरीच घरं अजून आहेत. मग काकांची पिकअप जाते: बांबू, पाइप, कनाती, खुर्च्या, पाण्याचे जार. आता जारांची एक गंमत. पुरुषांच्या बाजूला ठेवलेले जार अकरा वाजताच रिकामे. बायकांच्या बाजूचे जवळजवळ भरलेले परत येतात. काका खूश. "बघ, पाणी उरलं!" म्हणायचे.

का उरतं ते सगळ्या बायकांना माहीत होतं. वाडीतलं लग्न म्हणजे पुरुषांना सगळी वाडी मोकळी. बुशशर्ट, कपाळावर टिळा, खिशात गुलाब, आणि हे उभे केळीकडे तोंड करून. एकदा मी सकाळी घड कापायला गेले तर बुंध्याशी असा वास की मी घड तिथेच टाकून आले. ती केळी नंतर बाजारात गेली, लोकांनी खाल्ली. शी! आणि बायका? सकाळी अर्धा कप चहा, मग थेट संध्याकाळी घरी. दिवसभर पाणी प्यायचंच नाही. काकूला तर एका लग्नसराईत त्यापायी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. सलाईन लागलेलं असताना ती छताकडे बघत म्हणाली होती, "पानी प्यायला भ्यायचं, ह्ये काय जगनं झालं?"

तेव्हाच तिच्या डोक्यात ट्रेलर शिरला.

गोखिवऱ्याला एका शेडमागे शूटिंगवाल्यांचा जुना व्हॅनिटी ट्रेलर गंजत पडला होता. तो साधा मागे हुक लावून ओढायचा नव्हता. त्याची मान पुढे लांब आलेली, ती पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात येऊन बसते. हौद्यात एक लोखंडी स्टँड, त्यावर प्लेट, प्लेटमध्ये मानेची पिन अडकवायची. वाडीच्या अरुंद रस्त्यांवर असा ट्रेलर चांगला वळतो म्हणे. काकूने स्वतःच्या जिवावर तो घेतला, आत चार संडास बसवून घेतले, खाली टाकी, मागच्या टोकाला टाकी रिकामी करायचा पाइप. बाहेर पाटी: फक्त महिलांसाठी. घरातले पुरुष महिनाभर हसत होते. माझा चुलतभाऊ म्हणायचा, "आई, उद्घाटनाला रिबिन कापणार की कडी लावणार?" काका हसायचे नाहीत, ते सरळ बोलले, "एक लग्न बघतो. लोकांनी नावं ठेवली तर भंगारात."

म्हणजे काकूला एकच संधी. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

वेल्डरचाचांनी फोन करून विचारलं, "बेटा, हौद्याची जमिनीपासून उंची सांग, त्याच्यावर स्टँड बनवतो." मी एकदम जोशात! घरात टेप नीट वाचता येणारी मीच, असं मीच सगळ्यांना सांगत असते. पिकअप अंगणात उभी होती. मोजलं, एकतीस इंच, लगेच मेसेज टाकला, वर अंगठाही टाकला.

पिकअपमध्ये माल भरलेला होता.

लग्नसराईत आमची पिकअप कधी रिकामी नसतेच. एका मंडपातून सोडलेला माल थेट दुसऱ्या मंडपात. त्या गाडीला मी लहानपणापासून पाइपांसकटच बघितलंय, मागून बसलेली, नाक वर केलेली. ती तशीच असते, असंच वाटायचं. एवढ्या पाइपांनी मागच्या स्प्रिंगचे पाटे दबलेत आणि ट्रेलर ओढताना हौद्यात पाइप नसणार, मानेचा भार त्यापुढे काहीच नाही, म्हणजे हौदा वर येणार... हे डोक्यात आलंच नाही.

आलं ते ट्रेलर जोडल्यावर. लग्नाच्या आदल्या दुपारी गोखिवऱ्याला पिन अडकवली, आणि ट्रेलरने तोंड वर केलं. शेपूट खाली. चाचा दोन पावलं मागे गेले, डोळे बारीक केले.

"ये तो चाँद देख रहा है."

"चार बोटांनी काय होतं चाचा?" काका म्हणाले. "रॉकेट थोडीच आहे."

"स्टँड कापून खाली घेतला तर?" चुलतभाऊ.

"तर मान तुमच्या फाळक्याला लागेल. आत्ताच बघ," चाचांनी मान आणि हौद्याचा मागचा फाळका यांच्यामध्ये हात आडवा घातला, "एवढीच जागा आहे. खड्ड्यात गाडी हलली की धाडकन. एकतीस इंचच होता ना बेटा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तेव्हा कळलं होतं. तिथेच, त्या क्षणी.  आणि मी म्हणाले, "हो. एकतीस."

स्वतःची किळस येते म्हणजे काय, ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण ती मी गिळली, कारण उद्या लग्न होतं आणि मला चुकलेली दिसायचं नव्हतं.

लग्नात ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवावा लागला, कारण जमीन भुसभुशीत, पुढचे जॅक रुतत होते. सकाळी नऊ ते दहा सगळं मस्त. बायका ओळीत, चेहरे असे की देवदर्शनाला उभ्या आहेत. नवरीची आजी बाहेर येऊन काकूच्या गालाला हात लावून गेली. साडेदहाला कुणीतरी किंचाळलं.

फरशी मागे उतरती होती ना! पुढच्या तीन खोल्यांत जे जे पाणी सांडलं, ते सगळं दाराखालच्या फटींतून ओघळत चौथ्या खोलीत. तिथे घोट्याएवढं तळं. त्यात तरंगत होती एक अबोलीची वेणी, टिश्यू, आणि जे होतं ते मी लिहिणार नाही. मेंदीचे पाय वर धरून, शालू गुडघ्यापर्यंत गोळा करून एक वहिनी कडीला लटकलेली. मी आत गेले झाडू घेऊन. तेवढ्यात बाजूच्या खोलीतून कोण बाहेर आलं? नवऱ्याकडचा एक काका! पाटी एवढी मोठी!

"अहो काका, हे बायकांचं आहे."

"मग काय झालं, घरचंच लग्न आहे." आणि रुमालाने हात पुसत गेला. हात ओलेही नव्हते. आत त्याने जे करून ठेवलं होतं, नेम म्हणून काही प्रकारच नाही का या लोकांकडे? अख्खं आयुष्य उभं राहून करतात आणि तरी जमत नाही! तोच माणूस पंगतीत श्रीखंड वाढत होता. त्याच हातांनी. मी जेवले नाही.

पण खरं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर परत आणताना टाकी भरलेली, सगळा भार शेपटाकडे. मी आणि काकू स्कूटरवरून मागे. निर्मळच्या रस्त्यावर सकाळची वर्दळ, सायकलींवर भाजी, स्कूटरवर फुलांच्या पाट्या. पुढे एक स्पीडब्रेकर. पिकअप गेली, ट्रेलरची चाकं गेली, आणि खाली लोंबणारं शेपूट टेकलं. आवाज आला, करकरकर, मग कट्. मागचा पाइप मुळापासून.

काकांना कळलंच नाही! ते आणखी पन्नास पावलं गेले. पन्नास पावलं म्हणजे किती लांब रेघ होते ते मी बघितलंय. उन्हात चमकणारी, वाफाळणारी. वास आधी नाकात नाही येत, डोळ्यांत येतो. मी स्कूटर थांबवली आणि कुंपणात ओकले. एक सायकलवाला घसरता घसरता वाचला आणि त्याने आमच्या सात पिढ्यांची आठवण काढली, बरोबरच होतं त्याचं.

दहा मिनिटांत गर्दी. नाकाला रुमाल, दुसऱ्या हातात मोबाइल. हसत होते. ज्यांच्या घरच्या बायका काल त्याच ट्रेलरपुढे उभ्या होत्या, तेही हसत होते. घाण रस्त्यावर होती, पण त्या हसण्याने मला जास्त मळमळलं.

काका गाडीतून उतरले, लाल झालेले. "बस झालं. सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो." मग फोन काढला. "थांब, दोन माणसं बोलावतो. साफ करणारी. त्यांना सवय असते."

"कसली सवय?" काकू म्हणाली.

"अगो, त्यांचं कामच आहे ते."

"आपल्या लग्नातली घान, आपल्या गाडीतनं पडली, आनि दुसऱ्यानं कशाला काढायची? फोन ठेवा."

 फोन खिशात गेला. काकूने पदर खोचला, शेजारच्या वाडीतून फावडं, माती आणि चुना आणला. आधी माती, मग फावड्याने ओढायचं, मग पाणी, मग चुना. मी नाकाला ओढणी बांधून मातीच्या पाट्या आणत होते. पाचव्या पाटीला आतलं सगळं पुन्हा वर आलं. या वेळी नाश्ता नव्हता, शब्द होते.

"काकू, मी माल भरलेला असताना मोजली होती गाडी. आणि परवा जोडतानाच मला कळलं होतं. मी बोलले नाही."

ती थांबली. फावड्यावर टेकली. मला वाटलं आता खाते मार. तिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मार परवडला असता.

"मंग आता रिकामी करून मोज," ती म्हणाली, आणि पुन्हा ओढायला लागली.

रविवारी दुसरं लग्न होतं, काकूने शब्द दिलेलं. सोमवारी भंगारवाला. मधे चार दिवस.

पाइप आधीच उतरवले होते, आता तळाशी उरलेलंही काढून पिकअप पूर्ण रिकामी केली. इतक्या वर्षांनी त्या हौद्याचा तळ मी पहिल्यांदा बघितला! कुजलेल्या कनाती, खाली चिकटलेला कसला तरी काळा थर, कधीच्या काळचे पेढे, आणि कोपऱ्यात वाळलेली एक घूस, चपटी, चपातीसारखी. याच गाडीतून आम्ही लोकांच्या लग्नाच्या खुर्च्या नेत होतो. खरवडून काढलं सगळं. मग चाचांना फोन.

"रिकामी पण नको मोजू," ते म्हणाले. "मानेचा भार येईल ना. चार माणसं बसव चाकांच्या वर, मग मोज."

चार पुरुष मागितले असते तर पुन्हा हसणं ऐकावं लागलं असतं. काकूने शेजारच्या तीन बायकांना हाक मारली आणि स्वतः चौथी चढली. हौद्यात चौघी मांडी घालून, एकीच्या हातात निवडायची मेथी.

"हलू नका गं!" मी खालून.

"ही हलली की हौदा अजून खाली जाईल," एक जण काकूशेजारी बसलेल्या बाईकडे बोट दाखवून.

"तू उतर, गाडी उडेल!"

साडेचौतीस. तीनदा मोजलं. आणि तिन्ही वेळा आकडा मोठ्याने बोलले.

स्टँड कापायचा नव्हता, फाळका लागला असता. म्हणून चाचांनी उलटं केलं, पिकअप खाली नाही, ट्रेलर वर. त्याच्या आसावर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली, साडेतीन इंचांचे लोखंडी ठोकळे टाकले. नवा पाइप, तोही वर उचलून आत घेतलेला. जोडून झाल्यावर काकू आत गेली आणि चौथ्या खोलीच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतलं. ते कुठेच पळालं नाही. मधल्या जाळीत गोल फिरत गेलं. 

रविवारी मी दारात खुर्ची टाकून बसले, हातात खराटा. नवरीकडचे दोन मामा आले. मी खराटा उभा केला. ते गेले. केळीकडेच गेले, ते काही सुधारणार नाहीत.

बाराच्या सुमारास काका मंडपातून ओरडत आले. "बायकांच्या बाजूचे जार कोणी पळवले? एक थेंब नाही! तिकडे पाणी मागतायत!"

काकू ताटं मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "प्यायल्या."

"सगळं?"

"सगळं. आनखी चार मागवा."

 काकांनी वळून फोन लावला, आधी पाणीवाल्याला, आणि मग, मी ऐकलं, भंगारवाल्याला, की उद्या येऊ नको. मला आनंद झाला, खूप झाला, मी तीन ग्लास पाणी प्यायले एका दमात. पण तिसऱ्या ग्लासाला ते भरलेले परत येणारे जार आठवले, इतकी वर्षं, आणि आमचं सगळ्यांचं ते "पाणी उरलं" म्हणून खूश होणं. रस्त्यावरचा वास चुन्याने गेला होता. पण ते खूश होणं आठवलं की अजून मळमळतं.