आमच्या दोघींची मराठी

शाळेत आम्हा दोघींना कुणाची भीती नव्हती, कारण आम्ही मराठीत बोलायचो. जबलपूरच्या त्या शाळेत बाकी सगळा कारभार हिंदीत. मी गणित शिकवायची, माझी मैत्रीण विज्ञान. आमचे वडील एकाच फॅक्टरीत, घरं क्वार्टरांच्या एकाच ओळीत, आणि पुढे नोकरीही एकाच शाळेत. रोज सकाळी ती स्कूटी घेऊन आमच्या कोपऱ्यावर थांबायची. मी मागे बसले की आमचं सुरू. नवरे, सासवा, गुडघे, आणि सगळं संपलं की प्राचार्य. स्टाफरूममध्ये दुसऱ्या मॅडम हसून म्हणायच्या, "लो, शुरू हो गई इनकी मराठी." आम्ही त्यांच्यासमोर बसून त्यांच्याच साड्यांबद्दल बोलत असू, हे त्यांना आजही ठाऊक नाही.

घरी माझ्याशी तसं बोलणारं कुणी उरलं नव्हतं. नवऱ्याची मराठी इंदूरची, जरा इस्त्री केलेली. मुलीला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. आईच्या तोंडची भाषा मी फक्त स्कूटीवर मागे बसून बोलत होते.

दहावीचं गणित कित्येक वर्षं माझ्याकडे होतं. मी त्याला माझा वर्ग म्हणायची, आणि तसं म्हणायचा मला हक्क होता. गणिताचं पुस्तक पाहून ज्यांना घाम फुटायचा ती पोरं बोर्डाचा पेपर देऊन हसत बाहेर पडायची. एवढाच माझा तोरा. मग शाळेत स्मार्ट बोर्ड आले. भिंतीच्या मधोमध ती भली मोठी पाटी बसवली आणि आमच्या हिरव्या फळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या उरल्या, लुगड्याच्या काठासारख्या. बोर्डावर एका कंपनीचे तयार व्हिडिओ. त्यातला गोरागोमटा माणूस टँजंटची सिद्धता इतक्या झरझर सांगायचा की त्याला बहुतेक गाडी पकडायची असावी. समोर कुणाचा चेहरा पडला तरी त्याला काय. धडा संपला की प्राचार्यांच्या फोनवर त्या वर्गासमोर हिरवी खूण उमटायची. खूण दिसली म्हणजे शिकवून झालं.

मी यंत्राच्या विरुद्ध नव्हते, हे आधीच सांगते. वर्तुळ फिरवून दाखवायला तो बोर्ड मला फार आवडायचा. पण सिद्धता हाताने लिहावी लागते. लिहिताना मध्ये थांबावं लागतं, मागच्या बाकावरच्या मुलीला "इथपर्यंत आलं का?" असं विचारावं लागतं. म्हणून मी सोपा मार्ग काढला. व्हिडिओ लावायचा, त्याचा आवाज बंद करायचा आणि फळ्याच्या उरलेल्या पट्टीवर खडूने शिकवायचं. पोरांना हे फार आवडलं. त्यांनी न सांगता पहारा वाटून घेतला. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली की पुढच्या बाकावरून कुणीतरी उठून आवाज वाढवायचं, आणि सगळा वर्ग त्या गोऱ्या माणसाकडे भक्तिभावाने बघत बसायचा. प्राचार्य दारातून डोकावून खूश होऊन जायचे. अख्ख्या वर्गाला हे माहीत होतं आणि एकाही पोराने तोंड उघडलं नाही.

त्या हिवाळ्यात वर्गावर्गात कॅमेरे लागले. मुलांच्या सुरक्षेसाठी, असं सांगितलं गेलं. कॅमेऱ्याचं तोंड बाकांकडे होतं, फळा त्यात दिसत नव्हता, म्हणून माझा खडू चालूच राहिला. त्यांना कानही आहेत हे हळूहळू कळलं, आणि मग बाकीच्या मॅडम जेवणाच्या सुट्टीतसुद्धा कुजबुजत बोलायला लागल्या. आम्हा दोघींना त्यांची गंमत वाटायची. दहावीचा रिकामा वर्ग उन्हाचा होता, तिथे आम्ही डबा खायचो. मराठी म्हणजे आमचं कुलूपबंद कपाट. त्यात काय काय ठेवलंय ते आमचं आम्हालाच माहीत, अशी आमची समजूत.

त्याच वर्गात, तिखट पोहे खाता खाता, मी तिला सगळं सांगितलं. "अगं, मी तर आवाज बंदच ठेवते. तो बाबा तिकडे तोंड हलवत राहते अन् मी इकडे खडूनं शिकवून राहिली."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने विचारलं, "अन् सर आले तर?"

"पुढच्या बाकावरच्या पोट्ट्यांचे कान तिखट आहेत. पावलं वाजली का आवाज वाढवून देतात. अन् सरांना गणित कुठं पाहिजे, त्यांना फक्त हिरवी खूण पाहिजे."

आठवडाभराने मला केबिनमध्ये बोलावणं आलं. प्राचार्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर आम्ही दोघी, मधे पोह्यांचा डबा. माझा आवाज, तिचं हसणं. खरं सांगते, तेव्हा मला मनातून हसूच आलं. ऐका, म्हटलं, हवं तितकं ऐका. प्राचार्य बिहारकडचे, मराठीचा गंध नाही. फार तर वर्गात डबा खाल्ला म्हणून बोलतील.

त्यांनी चित्र थांबवलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मैडम, आपने कहा कि सर को गणित नहीं, बस हरा निशान चाहिए. ठीक समझा न मैंने?"

मग त्यांनी बाकीचं सांगितलं, वाक्यामागून वाक्य. बंद आवाज, खडू, पावलं, पुढचा बाक. एक शब्द गळला नव्हता. मी माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्या भाषेत ऐकत उभी होते. सगळ्या शाळेत ही मराठी कळणारी माणसं दोनच होती, आणि त्यातली एक त्या खोलीत उभी होती.

दहावी माझ्याकडून गेली, तीही बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर. मला सहावी दिली. माझ्या वर्गावर शिकवायला एक नवा मुलगा आला, जो व्हिडिओ लावून खुर्चीत बसायचा. पुढच्या बाकावरच्या पोरांच्या आईवडिलांना बोलावून समज दिली गेली. मला वर्ग गेल्याचं जितकं लागलं त्याहून ते जास्त लागलं. पोरांचं नाव तिला वगळता आलं असतं. तेवढं एक वाक्य "इथं आवाज नीट येत नाही सर" म्हणून सोडून देता आलं असतं. आवाज दोघींचा होता, आणि फटका फक्त मला बसला, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

तीन-चार दिवस स्कूटीवर आमचं बोलणं वेळ आणि ट्रॅफिकपुरतं. मग एका संध्याकाळी तिने विचारलं नाही, स्कूटी सरळ नर्मदेच्या ग्वारीघाटाकडे वळवली. पायऱ्यांवर बसल्यावर ती रडली. रेकॉर्डिंगमधलं हसणं ऐकून सरांनी तिला माझ्या आधी बोलावून म्हटलं होतं की आवाज तुमचाही आहे, काय चाललंय ते तुम्हीच सांगा. तिच्या मुलाची फी, नवऱ्याचं आजारपण, सगळं मला माहीत होतं, तरी तिने परत सांगितलं. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "मी नसतं सांगितलं तर फोननं सांगितलं असतं. आजकाल फोनला सगळ्या भाषा येतात. सर ते रेकॉर्डिंग टाकणारच होते फोनमध्ये. तुझं वाचलं नसतंच."

हे मी घरी घेऊन आले आणि त्याला धरून बसले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. यंत्राने बोर्ड आणला, यंत्राने कान लावले, यंत्रानेच चुगली केली असती. तिने फक्त आधी सांगितलं. राग धरायला यंत्र सोयीचं असतं, त्याच्याबरोबर आपण क्वार्टरांच्या ओळीत वाढलेलो नसतो. दरम्यान दहावीची पोरं मला संध्याकाळी फोनवर गणिताचे फोटो पाठवायला लागली होती, "मैडम, ये स्टेप समझ नहीं आई." मी वहीच्या पानावर सोडवून, फोटो काढून परत पाठवायची. फोन माझा वैरी नव्हता, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

एका रविवारी मुलगी टीव्हीवरचा कुठल्यातरी मराठी पाककृतीचा व्हिडिओ फोनला ऐकवून तो हिंदीत लिहून घेत होती. मी म्हटलं, दे इकडे. आणि मी तीच वाक्यं बोलले, तशीच, त्याच सुरात. तो बाबा तिकडे तोंड हलवत राहते, मी इकडे खडूनं शिकवून राहिली. फोनने जरा विचार केला आणि लिहून दिलं. कुठल्यातरी बाबांचं तोंड, त्यात एक खड्डा, आणि शिकलेली राही नावाची कुणी बाई. मुलगी हसून लोटपोट झाली. मी पुन्हा बोलले, हळू बोलले, तोंड फोनजवळ नेलं. दर वेळी नवाच गोंधळ. मग तेच मी नवऱ्याच्या इस्त्रीच्या मराठीत म्हटलं, तर पहिल्या फटक्यात बिनचूक उतरलं.

मुलीने फोन परत घेतला. "मम्मी, ये आपकी वाली मराठी नहीं समझता," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. मशीनला येत नव्हतं. ठसका, हसणं, माझ्या आईचं "राहिली", यातलं त्याला काही कळत नव्हतं. ते फक्त तिला कळत होतं.

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी कोपऱ्यावर आली. हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "बस ना, काहून उभी आहे?"

मी पर्स खांद्यावर नीट केली. "दीदी, आप निकलिए," मी म्हटलं. "मैं ऑटो से आ जाऊँगी."